डोके खेळाडूचे, नफा मालकाचा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपली पोरे खेळतात त्यापेक्षा वेगळा आहे. तिथला चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे असते आणि पळणाऱ्याला अडवायला समोरचे गडी अंगावर झेप घेतात. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, आणि धडकेवर धडक. त्या देशात हा खेळ म्हणजे मोठी जत्राच. एनएफएल या व्यावसायिक लीगची उलाढाल वर्षाला दोन हजार कोटी डॉलरच्या घरात गेली आहे. या जत्रेत ज्यांची डोकी फुटली नाहीत पण आतून खराब झाली, त्या माणसांबद्दल आज आरोग्याच्या पानावर लिहीत आहोत. कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या कोट्यधीश खेळाडूंचे दुखणे आपल्या वस्तीत कशाला? शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

माईक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा नावाजलेला खेळाडू होता. १९७४ ते १९९० असे सतरा मोसम तो खेळला आणि चार वेळा त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. त्याची जागा अशी होती की प्रत्येक डावाच्या सुरुवातीला समोरच्या गड्याशी डोक्याला डोके भिडायचे. खेळ सुटल्यानंतर त्याचे सगळे बिघडत गेले. विसरायला लागला, चिडायला लागला, पैशाचा हिशेब राहिला नाही, घर मोडले. कधीकधी तो स्वतःच्या गाडीतच झोपायचा. सप्टेंबर २००२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो हृदयविकाराने गेला.

त्याचे शवविच्छेदन डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे आले. ओमालू हे नायजेरियातून आलेले कृष्णवर्णीय डॉक्टर. वरून पाहिले तर मेंदू ठीकठाक दिसत होता. पण हा माणूस असा का झाला, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मेंदूचे पातळ काप करून घेतले, त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. या तपासण्यांचा खर्चही त्यांनी पदरचा केला. काचेवर जे दिसले ते आजवर मुख्यतः मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत सापडत आले होते. २००५ साली त्यांनी हे वैद्यकीय नियतकालिकात छापले. त्या आजाराचे नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई.

आता हा आजार होतो कसा, ते समजून घेऊ. आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. विरजण लावलेले भांडे डोळ्यांसमोर आणा. भांड्याला जोरात हिसका दिला तर भांडे फुटत नाही, पण आतले दही मोडते. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आतला मेंदू हलण्याचे मात्र ते थांबवू शकत नाही. धडक बसली की मेंदू आतल्या आत ताणला जातो, पिळला जातो. मेंदूतल्या पेशींच्या बारीक तंतूंना आधार देणारे 'टाऊ' नावाचे एक प्रथिन असते. वारंवार मार बसला की ते आपली जागा सोडते आणि त्याच्या गाठी व्हायला लागतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती या गाठी आधी दिसतात. मग वर्षानुवर्षे त्या पसरत राहतात. खेळ सोडला तरी पसरणे थांबत नाही.

यातली मुख्य गोष्ट अशी की, एखाद्या मोठ्या धडकेनेच हा आजार होतो असे नाही. चक्कर आली नाही, शुद्ध हरपली नाही, खेळाडू उठून पुन्हा खेळायला लागला, असे शेकडो छोटे मार एका मोसमात बसतात. त्यांची बेरीज होत जाते. किती वर्षे खेळला आणि किती जोराचे मार बसले, यावर धोका वाढतो. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की अमेरिकन फुटबॉल जितकी वर्षे जास्त, तितका धोका जास्त, आणि साधारण दर अडीच वर्षांच्या खेळामागे तो दुप्पट होत जातो.

लक्षणे उशिरा येतात, बहुधा खेळ सुटून बरीच वर्षे झाल्यावर. कुणाला आधी राग अनावर होतो, उदासी येते, मनात येईल ते करून मोकळा होतो. कुणाला आधी विसरायला होते, बोलताना शब्द सापडत नाहीत. पुढे पूर्ण स्मृतिभ्रंश. क्ष-किरणात किंवा सीटी स्कॅनमध्ये हे दिसत नाही. आजही पक्के निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. आजार बरा करणारे औषध नाही. झोप, उदासी, चीड यांवर उपचार करून त्रास कमी करता येतो, तेवढेच.

पक्के निदान मृत्यूनंतरच होते, म्हणून मृतांच्या कुटुंबांचे मोल इथे फार मोठे आहे. शिकागो बेअर्सचा डेव्ह ड्युअरसन २०११ साली आपला मेंदू तपासणीला द्यावा असे लिहून ठेवून या जगातून गेला. त्याने स्वतःचे आयुष्य संपवले होते. पन्नास वर्षांचा होता. त्याच्या मेंदूत सीटीई सापडला. पुढच्या वर्षी ज्युनियर सेऊ हा गाजलेला खेळाडू त्रेचाळिसाव्या वर्षी तसाच गेला, त्याच्याही मेंदूत तेच. बायका, आया, मुले यांनी दुःखात असताना सही करून मेंदू संशोधनाला दिले. २०१७ साली डॉ. अ‍ॅन मॅकी आणि सहकाऱ्यांनी एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासल्याचे प्रसिद्ध केले, त्यांतल्या ११० जणांना सीटीई होता. हा आकडा नीट वाचायला हवा. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू जास्त करून दिले, म्हणून शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो असा त्याचा अर्थ नाही. पण एरवी क्वचित सापडणारा आजार एकाच धंद्यातल्या एवढ्या माणसांत सापडतो, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. आपल्या समाजात देहदानाचा संकल्प करणारी घरे आहेत. मेलेल्या माणसाचे शरीर जिवंतांना काय शिकवते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

मग लीगने काय केले? ओमालूंचा लेख आला तेव्हा लीगच्या स्वतःच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ही समिती १९९४ मध्ये नेमलेली, आणि तिचे पहिले अध्यक्ष संधिवाताचे डॉक्टर होते. मेंदूच्या समितीवर सांध्यांचा डॉक्टर! त्याआधीच, १९९९ मध्ये, खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाने वेबस्टरला कायमचा अपंग ठरवले होते आणि कारण खेळातल्या डोक्याच्या दुखापती हेच धरले होते. म्हणजे एका टेबलावर कागदावर मान्य, आणि दुसऱ्या टेबलावरून जगाला सांगायचे की पुरावा नाही. लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने या खेळाचा आणि सीटीईचा संबंध आहे हे जाहीरपणे मान्य केले ते थेट मार्च २०१६ मध्ये. वेबस्टरला जाऊन तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती.

तथागतांनी कालामांना जे सांगितले ते इथे आठवते. परंपरेने चालत आले म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ओमालूंनी पारखले. समितीने मात्र आधी निष्कर्ष ठरवला आणि मग पुरावा नाकारला. विज्ञानाचा कोट घातला म्हणजे माणूस विज्ञानवादी होत नाही. त्याचा पगार कोण देतो हेही पाहावे लागते.

आता या प्रकरणातला असा भाग, जो वाचून आपल्या लोकांना नवल वाटणार नाही, संताप मात्र येईल.

हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१३ मध्ये साडेशहात्तर कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली, पुढे कोर्टाने रकमेची मर्यादा काढायला लावली. स्मृतिभ्रंश झालेल्या खेळाडूला भरपाई हवी असेल तर बुद्धीच्या चाचण्या द्यायच्या आणि पूर्वीपेक्षा किती घसरण झाली ते दाखवायचे. पण पूर्वीची बुद्धी मोजायची कशी? तिथे 'रेस नॉर्मिंग' नावाची पद्धत वापरली गेली. कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मुळातच कमी असते, असे त्यात गृहीत धरलेले. म्हणून एकच गुण मिळालेले दोन खेळाडू असले, तर गोरा भरपाईला पात्र आणि काळा अपात्र! कारण काय, तर याची घसरण झालीच नाही, हा आधीपासूनच असा होता.

या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. बत्तीस संघ आहेत, आणि आजवर एकाही संघाचा मुख्य मालक कृष्णवर्णीय नव्हता. डोकी आपटायला काळी माणसे चालतात. त्या डोक्यांची किंमत करताना मात्र ती आधीच कमी भरतात. "यांच्यात मेरिट नाही" हे वाक्य ज्यांनी शाळेत, कॉलेजात, नोकरीत ऐकले आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. वजनकाटा तोच, फक्त देश वेगळा.

२०२० मध्ये केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोन कृष्णवर्णीय माजी खेळाडूंनी याविरुद्ध दावा लावला. खेळाडूंच्या बायका पुढे आल्या. सुमारे पन्नास हजार सह्यांचे निवेदन कोर्टात दिले गेले. २०२१ मध्ये लीगला ही पद्धत बंद करण्याचे कबूल करावे लागले आणि मार्च २०२२ मध्ये न्यायाधीशांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. गुण पुन्हा मोजले तेव्हा शेकडो कृष्णवर्णीय खेळाडू पात्र ठरले. त्यांचे मेंदू तेच होते आणि चाचण्याही त्याच, फक्त मापातला भेदभाव गेला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची माहिती मागवली होती. पॅंथर हे नाव आपल्या तरुणांनी १९७२ मध्ये तिथूनच घेतले. हे नाते जुने आहे. तिकडची बातमी आपण आपली म्हणून वाचायला हवी.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या अंगमेहनतीवर नफा होतो, त्याच्या शरीराची झीज ही नफा घेणाऱ्याची जबाबदारी आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच भूमिका मांडली होती. बाईला कामावर ठेवून मालकाला फायदा होतो, तर तिच्या बाळंतपणाचा काही भार त्यानेही उचलावा. योगायोग असा की त्याच १९२८ साली अमेरिकेत डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या या आजारावर पहिला लेख लिहिला. म्हणजे माहिती जवळपास शंभर वर्षांची आहे. कमी पडली ती जबाबदारी घेणाऱ्यांची.

कोणी म्हणते, "त्यांनी स्वखुशीने खेळले, पैसे घेतले, मग तक्रार कसली?" खुशी तेव्हाच खरी, जेव्हा धोका आधी सांगितलेला असतो. खाणीत दगड फोडणाऱ्याला छातीत धूळ साचते हे न सांगता कामाला लावायचे आणि नंतर म्हणायचे की तू स्वतःच आलास, हे आपण मान्य करत नाही. खेळाडूही कामगारच आहे. इंग्लंडमध्ये हे एका कोरोनरने मान्य केले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचा जेफ अ‍ॅस्टल हा आपण खेळतो त्याच फुटबॉलचा खेळाडू, डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत. २००२ च्या जानेवारीत एकोणसाठाव्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला स्वतःच्या मुलींची ओळख राहिली नव्हती. कोरोनरने मृत्यूचे कारण 'औद्योगिक आजार' असे नोंदवले. २०१४ मध्ये त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली आणि सीटीई निघाला.

इथे विषय थेट आपल्या मैदानावर येतो. ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये सांगितले की मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट आहे. पुढच्या तपासणीत दिसले की गोलकीपरला हा धोका वाढलेला नाही, आणि सर्वात जास्त आहे तो बचावपटूंना, म्हणजे जे डोक्याने चेंडू जास्त मारतात त्यांना. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. याच अभ्यासात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण या खेळाडूंमध्ये कमी आढळले. खेळ शरीराला चांगलाच आहे. डोक्यावरचा मार तेवढा वाईट.

म्हणून पोरांना घरात बसवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नागपुरात २००१ पासून विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, त्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला. आपल्या पोरांना मैदानाने नशेपासून, रिकामपणापासून वाचवले आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना आरक्षण आहे, त्यामुळे कितीतरी घरांना खेळ हाच एक रस्ता दिसतो. पण रस्ता दाखवताना खड्डाही दाखवायचा असतो. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी केली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हे काढून टाकले. श्रीमंत देशांची पोरे जपली जातात, मग आपली का नाही? वस्तीतल्या मंडळांनी, शाळांनी, जयंतीच्या सामने भरवणाऱ्यांनी एवढे नियम लगेच करावेत: बारा वर्षांखालच्या मुलांना हेडिंग शिकवायचे नाही. मोठ्यांच्या सरावात ते मोजकेच ठेवायचे. मुलांना बॉक्सिंग शिकवायचे तर डोक्यावर ठोसा न मारता. आणि डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात येणार नाही, मग सामना अंतिम का असेना. कप पुढच्या वर्षीही मिळेल.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. बेशुद्ध झाला नाही म्हणजे काही झाले नाही, हा समज चुकीचा आहे. मेंदूला धक्का बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, तेच तेच विचारणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, मुलगा "काहीतरी वेगळाच" वाटणे, ही त्याची चिन्हे आहेत. असे असेल तर एक-दोन दिवस विश्रांती द्या, मोबाईल कमी करा, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, हळूहळू खेळ सुरू करा. आधीचा मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडते.

आणि यातले एक जरी दिसले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, जागा न होणे किंवा गुंगी वाढणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, एक हात-पाय लुळा पडणे. तोंडावर पाणी मारून "चल, उठ, खेळ" म्हणणे हा काही उपचार नाही. डोक्याला मार लागल्यावर मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

पुढचे बोलणे माता-भगिनींशी. १९९० साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची नोंद छापली गेली. तिने कधी खेळ खेळला नव्हता. नवऱ्याचा मार वर्षानुवर्षे खाल्ला होता, आणि तिच्या मेंदूत मुष्टियोद्ध्याचा आजार निघाला. मार खाणाऱ्या प्रत्येक बाईला सीटीई होतो असे नाही, तसा पुरावा नाही. पण वारंवार डोक्यावर बसणारा मार मेंदूला इजा करतो, मग तो मैदानात बसो की घरात. आम्ही वॉर्डात अशा बाया पाहिल्या आहेत ज्या डोक्याच्या जखमेला "मोरीत घसरले" म्हणतात. बाई विसरते, चिडते, स्वयंपाकात चुकते, आणि त्यासाठी पुन्हा मार खाते. महिला मंडळांनी हे उघड बोलावे. मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक आहे, तातडीला ११२.

घरातला माणूस बदलला तर त्याला कोणी काही केले, अंगात आले, नजर लागली, असले काही मानू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात देवऋषी, भगताला जागा नाही. दारूडा, माथेफिरू म्हणून सोडूनही देऊ नका. पूर्वी डोक्याला मार लागला होता का, किती वेळा, खेळात की अपघातात की कामावर, हे आठवून डॉक्टरांना सांगा. उदासी दाटली, जगू नये असे कोणी बोलू लागले, तर एकटे ठेवू नका. १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा, सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

अमेरिकेतल्या खेळाडूंना न्याय मिळाला तो लीगच्या दयेने नव्हे. एका परक्या डॉक्टरने मेंदू कापून पाहिला, विधवांनी मेंदू दिले, दोन खेळाडूंनी भेदभावाचा काटा कोर्टात नेला, बायकांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा तो मिळाला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा रस्ता तिकडेही तोच निघाला. आपल्या वस्तीत सुरुवात लहान करता येईल. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा, वरची चिन्हे मोठ्याने वाचा, आणि मंडळाच्या सामन्यांसाठी नियम लिहून फलकावर लावा. पोरांना खेळू द्या, जोरात खेळू द्या. त्याच डोक्याने त्यांना उद्या शिकायचे आहे, एवढे लक्षात ठेवा.

नमो बुद्धाय. जय भीम.